लेन्स डबीत परत

६ एप्रिल, सोमवार

आले एकदाची तिसगावला! एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर आणि माझ्या मांडीवर आईने कोंबून भरलेली पिशवी. करंजीच्या घाटात बस एवढी रेंगाळली की शेजारच्या आजींची एक डुलकी, माझी सगळी हकिगत आणि त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी असं सगळं उरकलं. घाट संपला आणि पुढे नुसतं ऊन. झाडंसुद्धा अंग चोरून उभी होती.

शिर्डीत तीन वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली. शिक्षण डोळे तपासायचं आणि काम गॉगल विकायचं. भक्त दर्शन घेऊन बाहेर आले की पहिला चटका डोळ्यांना बसतो, दुसरा आमच्या दुकानात. आता मात्र खरं काम. रोहिणी मॅडमचा नगरला डोळ्यांचा दवाखाना आहे, त्यांची ही इथली शाखा. उन्हात आपोआप काळवंडणाऱ्या, थेट डोळ्यात घालायच्या लेन्सची चाचणी चार आठवडे चालायची, तीस माणसांवर, तीही उन्हात राबणाऱ्या. तिसाच्या तीस नोंदी खाड्याशिवाय पूर्ण झाल्या तर नगरला कायमची नेमणूक आणि अहवालावर माझं नाव. प्रज्ञा भिंगारदिवे. आत्ताच लिहून बघितलं, छान दिसतं.

इथला सगळा कारभार गहिनीनाथमामा बघतात. पन्नाशी उलटलेले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण अख्ख्या गावाच्या डोळ्यांत थेंब घातलेला माणूस. माझ्या राहायच्या खोलीची किल्ली दिली आणि पहिलंच वाक्य, की पाणी एक दिवसाआड येतं.

८ एप्रिल, बुधवार

यंत्र बसवलं. खतांच्या दुकानामागची ही खोली पूर्वी बियाण्यांचं गोदाम होती, खिडकी एकच. तिला मामांनी काळा कागद दुहेरी डकवला. दार लावलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. मोजणीला तसाच अंधार लागतो.

आईला फोनवर समजावलं तेच इथे लिहून ठेवते. ही लेन्स उन्हात मिनिटभरात काळसर होते, सावलीत आली की थोड्या वेळात पुन्हा पाण्यासारखी नितळ. उन्हातला जो भाग आपल्याला दिसत नाही, त्यानेही ती काळी होते. प्रश्न एवढाच, की ती काळी असताना डोळ्याच्या आतलं चित्र बिघडतं का? उजेड घटला की बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीतून कडेचे वेडेवाकडे किरणही आत घुसतात. म्हणून यंत्र डोळ्यात उजेडाचा एक बारीक झोत सोडतं आणि आतल्या पडद्यावर त्याचा ठिपका कसा पडला ते बाहेर यंत्राच्या पडद्यावर दाखवतं. चांगल्या डोळ्यात ठिपका मोहरीएवढा आणि गोल, नाहीतर फिस्कटलेला. प्रत्येकाचं फिस्कटणं वेगळं असतं, सहीसारखं. उजव्या डोळ्यात काळवंडणारी लेन्स, डाव्यात साधी, म्हणजे तुलना जागच्या जागी होते.

सरावाला दिलेल्या लेन्स आजच दोघांनी हरवल्या. एकाची तर शेळीने खाल्ली म्हणे. मी पुठ्ठ्यावर माझ्या सुंदर अक्षरात पाटी करून भिंतीवर लावली: "लेन्स डबीत परत आल्याशिवाय नोंद पूर्ण धरली जाणार नाही." मामांनी दोनदा वाचली आणि मान डोलावली. म्हणाले, "बराबर हाय. माणसानं कुनाचं काई ठिवून घिऊ न्हाई."

११ एप्रिल, शनिवार

एकोणतीस माणसं मिळाली. तिसावी मीच. माझाही नंबर उणे दोन आहे, लेन्स लावायची सवय आहे, मॅडमनी हसत परवानगी दिली.

माझी सगळ्यात लाडकी झुंबरबाई. आमचा दोघींचा नंबर एकच. ऊसतोडीवरून मागच्याच आठवड्यात परतली, आता दुसऱ्यांच्या रानात कांदे काढायला जाते. वय विचारलं तर म्हणाली, तुमीच टाका काईतरी. लेन्स घालून तिला दारात उभी केली तर समोरच्या टेकडीकडे बघतच राहिली. आजवर तिला वाटायचं की टेकडीवर धोंडे आहेत. त्या शेळ्या निघाल्या. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ओरडले, लेन्स वाहून जाईल! मग दोघीही हसलो.

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंतीला केडगावला घरी जाऊन आले. निळे फेटे, पांढऱ्या साड्या, आईच्या हातची खीर. मिरवणुकीत दिव्यांचे झोत डोळ्यांवर येत होते, पण माझा डोळा दिपत नव्हता. भावाने विचारलं, तायडे, एक डोळा जास्त काळा का दिसतोय? म्हटलं, तो सरकारी कामावर आहे.

परत आले तरी मन थाऱ्यावर नाही. काय राहिलंय ते आठवत नाही, पण काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं.

१८ एप्रिल, शनिवार

झुंबरबाई तक्रार घेऊन आली. म्हणाली, उन्हात बरं वाटतं, पण घरात शिरलं की उजव्या डोळ्यापुढं काळं होतं. "चुलीम्होरं न्हाई, ताई. कोपऱ्याकडं बघितलं की. कुनीतरी आरसा धरून कवडसा पाडतंय बघा. कवडसा दिसत न्हाई, पर काच काळी व्हती." तिची सून रेश्मा शेजारी उभी राहून पदर चावत होती.

धूर असेल, डोळा थकला असेल, असं मी सांगितलं. मग मोजणी घेतली. तिच्या उजव्या डोळ्याचा ठिपका छान, गोल. पण वर, पडद्याच्या पार कडेला, आणखी एक ठिपका. बारीक, स्वच्छ. झोत एकच असतो, ठिपके दोन कसे? काच पुसली, पुन्हा मोजलं. पुन्हा दोन. तिसऱ्या वेळी यंत्र जरा तिरकं धरलं तर दुसरा ठिपका चौकटीबाहेर गेला. ती मोजणी मी नोंदवली.

तक्रारीच्या रकान्यात "नाही" लिहिलं. धुराला काय तक्रार म्हणायचं?

२२ एप्रिल, बुधवार

झुंबरबाई पुन्हा. आज लेन्स काढाच म्हणाली. मी समजावलं, की मावशी, दोन आठवडे राहिलेत, तुम्ही सोडलीत तर एक नोंद गेली, एक गेली की तीसही गेल्या. तिने पदराने उजवा डोळा टिपला. मग म्हणाली, "तुमचं लेकरावानी काम हाय. ऱ्हाऊ द्या मग." आणि गेली.

दुसरा ठिपका आज कडेपासून निम्म्यावर आला होता. तिला सांगितलं नाही. रकान्यात "नाही".

मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण चौदा दिवसच तर राहिलेत.

२५ एप्रिल, शनिवार

झुंबरबाई गेली.

काल दुपारी बाराच्या सुमारास. रेश्मा पाणी भरून आली तर सासू घरातल्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, तोंड कोपऱ्याकडे, डोळे उघडे. ऊन लागलं असं सगळे म्हणतात. सकाळी रानात होती, तेव्हा लागलंही असेल. रेश्मा मामांपाशी रडत म्हणाली, की शेवटचे दोन दिवस सासू लेन्स काढूच देत नव्हती, झोपेतही घालून होती. आधी काढा म्हणत होती आणि मग हात लावू देईना.

मी भेटायला गेले नाही. मला धीर झाला नाही. मामा गेले आणि संध्याकाळी परत येऊन डब्या पुसत बसले.

तिची नोंद आता अपुरी राहणार असं माझ्या मनात आलं. आलं खरं. लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं लिहून काय उपयोग.

२८ एप्रिल, मंगळवार

माझी उजवी लेन्स धुताना फाटली. नवा खोका गुरुवारी मॅडमबरोबर येणार, म्हणजे दोन दिवस खाडा. मी चिडले, तर मामांनी फळीवरून एक डबी काढून दिली. वर त्यांच्या अक्षरात "उ. -२" एवढंच. उरलेली असेल, असं समजून घातली. चांगली बसली.

२९ एप्रिल, बुधवार

दुपारी एक वाजता माझी मोजणी माझी मीच घ्यायला काळ्या खोलीत शिरले. दार लावलं. यंत्राचा पडदा एवढाच उजेड. डाव्या डोळ्याला पडदा नेहमीसारखा दिसत होता, उजव्याला मातकट. वाटलं, लेन्स अजून निवळली नाही. दहा मिनिटं बसले. वीस. ती निवळेना, उलट गडद होत गेली.

मग पडदाही झाकला. काळोखात एकेका दिशेला तोंड करून थांबले आणि दर वेळी पडदा उघडून लेन्स तपासली. दाराकडे तोंड केलं की लेन्स निवळते. खिडकीकडे, तरी ठीक. उत्तरेच्या कोपऱ्याकडे तोंड केलं की काळी. तिथे काही नाही. रिकामी पोती आहेत. मी हात लावून बघितला, भिंत गार होती.

लेन्स उजेडाशिवाय काळी होत नाही. मीच एकोणतीस जणांना शिकवलंय हे.

मोजणी घेतली. दोन ठिपके. दुसरा कडेला. मग झोताच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. माझा ठिपका विझला. दुसरा तसाच राहिला.

३० एप्रिल, गुरुवार

मॅडम आल्या. त्यांना ठिपका दाखवायला गेले तर यंत्राने दाखवला नाही. पण त्यांनी विजेरी मारून माझे डोळे बघितले आणि थबकल्या. डाव्या डोळ्याची बाहुली नीट होती, उजवी सुईच्या टोकाएवढी. कुठला थेंब चुकून गेला का, असं त्यांनी तीनदा विचारलं. गेला नाही. डोळ्याचा पडदा आतून निरोगी आहे म्हणाल्या, दोन दिवस विश्रांती घे, सोमवारी नगरला ये. नवा खोका ठेवून निघून गेल्या.

बाहुलीचं ऐकून मामांचा चेहरा उतरला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिची बी अशीच हुती. सुईवानी." मला कळेना, यांना कसं माहीत? मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी ते झुंबरबाईकडे गेले, बायका रडत होत्या. त्यांनी हात धुतले आणि तिच्या डोळ्यांतल्या दोन्ही लेन्स काढल्या. कुणी अडवलं नाही, डोळ्यांचं काम त्यांचंच. पापण्या मिटल्या. लेन्स पाण्यात उकळल्या नाहीत, औषधातच धुतल्या, नियमाने, आणि डबीत ठेवल्या. मी "का?" म्हणून ओरडले. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "तुमीच लिवलंय की, ताई. परत आल्याबिगर पुरं व्हत न्हाई. म्हातारीचं अपुरं ऱ्हायाला नगं हुतं."

उणे दोन. उजवा.

पाटी माझी आहे. अक्षर माझं आहे.

१ मे, शुक्रवार

लेन्स काढली. सकाळी दहाला.

काढली आणि उजव्या डोळ्यात ऊन पडलं. खोलीचं दार बंद, पडदे ओढलेले. डोळा मिटला तरी ऊन. हाताने दाबला तरी ऊन. उत्तरेच्या कोपऱ्यातून सरळ आत येतंय, आरशाचा कवडसा तोंडावर मारावा तसं. डोक्यात कळ गेली. पाच मिनिटंसुद्धा सोसलं नाही.

खोक्यातली नवी लेन्स घातली. ती नितळच राहिली. तिला तो उजेड ठाऊकच नाही. झुंबरबाईची घातली तेव्हा काळी झाली आणि मला श्वास घेता आला.

आता समजलं, ती का काढू देत नव्हती.

२ मे, शनिवार

कोपरा बदलत नाही. खोलीवर, दवाखान्यात, स्टॅंडवर, कुठेही गेलं तरी उत्तरेलाच. फक्त जवळ येतो. बसमध्ये बसून घाटापर्यंत गेले, उतरले, परत आले. काही फरक नाही. स्वस्थ बसवत नाही, उभं राहवत नाही.

रेश्माला भेटले. शेवटी एकदाचं भेटले. पाया पडले तर तिने मागे सरकून विचारलं, की आत्याबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग? मी चप्पल पायात सरकवली. निघताना तिने माझ्या उजव्या डोळ्याकडे बघितलं आणि पोराला घरात घेतलं.

झुंबरबाईचा कागद काढून रकान्यातलं "नाही" खोडलं. तिचे शब्द आठवून लिहिले, सगळे.

मोजणी: दुसरा ठिपका निम्म्याच्या आत. तिच्या शेवटच्या मोजणीनंतर दोनच दिवस—

३ मे, रविवार

मॅडमचा फोन लागत नाही. आईला सांगितलं नाही, ती धावत येईल आणि मग तिच्या समोर—

लेन्स आता उन्हातही काळी, सावलीतही काळी. आणि तरी तिच्यातून दिसायला लागलंय. उजेड एकटा नाही. कुणीतरी धरलाय. दोन्ही हातांनी, छातीशी, आपण ताट धरतो तसा. चालत येतंय. घाई नाही.

पाटी काढायला गेले. दवाखाना रविवारचा बंद, किल्ली मामांकडे, मामा मढीला देवदर्शनाला. उद्या सकाळी पहिलं काम तेच. ती लेन्स कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये. जाळायची, पुरायची, काहीही. पण ती काढली की मी—

कालच्या मोजणीत दोन ठिपक्यांत बोटभरच अंतर होतं.

४ मे, सोमवार

नगरची बस सुटली. मी स्टॅंडवर उभी होते, दिसलीच नाही. डावा डोळाही दिपतोय. चाचपडत दवाखान्यात आले. मामा दार उघडून थेंब घालायला गावात गेलेत. पाटी हाताला लागत नाही. भिंत हाताला लागते, पाटी नाही. कुठे लावली होती मी?

अकरा वाजून गेले असतील. ओळी एकमेकींवर चढत असतील, माफ करा.

मामा, हे तुमच्यासाठी. तुम्ही याल तेव्हा मी बोलण्याजोगी नसेन बहुतेक. हात धुऊ नका. माझ्या डोळ्याला हात लावू नका. माझी नोंद अपुरी राहू द्या, तीसही अपुऱ्या राहू द्या. लेन्स माझ्याबरोबर जाऊ द्या. डबीत ठेवू नका. पाटीवर आहे ते खरं नाही, मी उगाच— अक्षर सुंदर म्हणून—

फार जवळ. चेहरा नाही. नुसता उजेड आणि हात—

पण तुम्ही रोजनिशी कशाला उघडाल. तुम्ही कागद बघाल. माझा कागद मीच भरते. क्रमांक तीस. उजवा डोळा. तक्रार: आहे. लेन्स परत